वहिनीचं रीळ

आधीच सांगून ठेवते, मले गोड बोलता येत नाही. ज्याले गोड ऐकाचं असन त्यानं पुष्पाकडं जावं, ती शत्रूलेही चहा पाजून वाटे लावते. पण पुष्पाले हे सांगता येणार नाही. दोन वाक्यं झाली, की ती पदर डोळ्याले लावते. मंग सांगणार कोण? मीच.

अन्नपूर्णा म्हणजे माही भावजय, भाऊरावदादाची बायको. माहा नवरा गेला तशी मी देऊळघाटले दादाच्या घरी परत आली अन् तवापासून आम्ही दोघी एका चुलीवर. भांडलो बी भल्ल्या. पण चौदा एप्रिलची जयंती आली, की भांडण खुंटीवर. वहिनी पुढं उभी राहे, मी अन् शेजारची पुष्पा तिच्या मांगं झील धराले, अन् दादा ढोलकीवर. इकडं नांदुरा, तिकडं देऊळगाव राजा, कुठल्याही वस्तीत जयंती असो, अन्नपूर्णाबाईच्या पार्टीले आवतन येच.

झील म्हणजे काय ते सांगतल्याशिवाय पुढचं कळाचं नाही. पुढची बाई ओळ फेकते. ओळीचा शेवट आला, की मांगच्या दोघी तो शब्द तिच्या तोंडातून उचलतात अन् लांबवतात. तेवढ्यात पुढचीले दम घ्याले भेटते. अन् झीलकरणीचा एक धरम आहे, मले माह्या मायनं शिकवला. पुढचीचा आवाज घसरला, फाटला, खोकला आला, की मांगच्यायनं चटकन वर चढाचं अन् झाकून टाकाचं. पब्लिकले कळू द्याचं नाही. पुढची पडलेली दिसली, त लाज मांगच्यायची.

त्या वर्षी दिवाळीपासून वहिनीचा गळा बसला तो उठलाच नाही. हळद झाली, सुंठ झाली, जेठमध चघळून झाला. मंग घास गिळतानी डोळ्यात पाणी याले लागलं. बुलढाण्याच्या डॉक्टरनं नागपूरले धाडलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सांगतलं, गाठ आहे, आवाजाची पेटीच काढा लागते. जीव वाचन कदाचित. आवाज मात्र नाही.

दादा बसस्टँडवरच रडला म्हणे. वहिनी रडली नाही. घरी आली, हातपाय धुतले, भाकरी थापाले बसली. मी म्हणलं, "उठ ना वहिनी, मी थापते." तिनं तवा टाकला अन् म्हणे, "भिमा, इतके वर्सं गायली, पण माहा आवाज मी कधी ऐकलाच नाही. कसा आहे वं तो?"

"चांगला आहे."

"चांगला त सारेच म्हणतात. पोट भरल्यावर सयपाकालेही चांगलंच म्हणतात. मले माह्या कानानं ऐकाचा आहे. एक गाणं. माह्या एकटीच्या आवाजातलं. मंग काय कापाचं ते कापा म्हणा."

एवढंच तिचं मागणं. नागपूरले परत जाचा दिवस ठरलेला होता, अन् त्याच्या आत हे कराचं होतं.

दादा तडक बुलढाण्याले शंकररावकडं गेला. शंकरराव आमच्यातलाच, मिलिटरीत वायरलेसवर होता, सुटून आल्यावर बुलढाण्यात लाउडस्पीकरचं दुकान टाकलं. जयंतीचे भोंगे त्याचेच. त्यानं कुणाचा तरी रिळाचा टेपरेकॉर्डर मागून आणला, अन् संगं एक पत्र्याचा डबा, त्यानं स्वतः जोडलेला. पाठीवर चार भोकं, तोंडावर चार बटनं अन् एक मोठं बटन. चार माइक एकात मिसळते म्हणून त्याले मिक्सर म्हणाचं. पुष्पानं विचारलं, "यात कालवते काय?" शंकरराव म्हणे, "आवाज." पुष्पा म्हणे, "अवं माय!" अन् दोन पावलं मांगं सरकली.

गाणं टेपवर भराले जागा वस्तीतलं विहार, त्याले टिनाचं छप्पर. शंकररावनं मधात उभं राहून टाळी वाजवली अन् तोंड वाकडं केलं. म्हणे, आवाज पत्र्यावर आदळून परत येते, गोधड्या आणा. साऱ्या वस्तीतून गोधड्या आल्या. भिंतीवर खिळे ठोकून टांगल्या, दाराले बी एक लावली. आत असं उकडे, की भट्टी परवडली.

मंग त्यानं दोन माइक लावले. एक वहिनीपुढं, एक आम्हा दोघीत. दादाची ढोलकी दूर कोपऱ्यात बसवली, तिले माइक नाही, म्हणे तिचा आवाज असाच शिरते. कानावर हेडफोनचं काळं झाकण चढवलं, बटनं फिरवली, अन् कपाळाले आठ्या.

"काय झालं?" दादा.

"भुणभुण येऊन राह्यली."

आमाले काही ऐकू येईना. त्यानं माह्या कानाले झाकण लावलं तवा कळलं, गांधीलमाशीचं पोळं जसं. त्यानं एकेक माइक काढून पाह्यला. दोन्ही काढले तरी भुणभुण तशीच. म्हणे, माइकात नाही, लाइनीत आहे, अर्थिंग पाह्यजे. विहाराच्या मांगं लोखंडाची सळई ठोकली, डब्याची तार तिले बांधली. तरी भुणभुण. मार्च संपत आला होता, जमीन निरा कोरडी ठणठणीत. "मिठाचं पाणी टाका," त्यानं सांगतलं. पुष्पानं घागरभर खारं पाणी सळईच्या बुडाशी ओतलं. भुणभुण अर्धी झाली. उरलेली हिंमतरावच्या पिठाच्या चक्कीची होती, तिची मोटर आमच्याच तारेवर. चक्कीवाला जेवाले गेला अन् कानातलं पोळं एकदम बसलं.

"आता," शंकरराव म्हणे. "चक्की सुरू व्हाच्या आत उरका."

गाणं वहिनीनंच जोडलेलं होतं, हिरीचं, म्हणजे विहिरीचं. माहेरी गावानं तिच्या मायले हिरीवर चढू दिलं नव्हतं, त्याच्यावरचं.

*हिरीचं पाणी गोड गं बाई, घागर माही भरू दे.*

तिनं ओळ फेकली, आम्ही धरली. रंगलं बी चांगलं. वरच्या सुरातली ओळ आली, *दोर माहा, हात माहा, हिरीवर हक्क माहा*, तिथं तिचा गळा अडला तसं आम्ही दोघी बरोबर चढलो. दिवाळीपासून तिथंच अडे, आमाले जागा पाठ झाली होती. गाणं संपलं. दादा म्हणे, "वा!"

शंकररावनं रीळ मांगं फिरवलं अन् लावलं. वहिनी चाकाकडं एकटक पाहून राह्यली होती, नवी नवरी आरशात पाह्यते तशी. गाणं झालं. ती म्हणे, "यात मी कुठी आहे?"

"आहे ना ताई," शंकरराव.

"कुठी आहे? ओळीचं तोंड तेवढं माहं. बाकी साऱ्या ह्या दोघी. वरच्या ओळीत त मी नावालेही नाही." अन् माह्याकडं वळली. "काऊन वं? एवढं झाकता तुम्ही मले?"

मले राग आला. आमी नाही झाकणार त कोण झाकणार? मी म्हणलं, "तुहीच इज्जत राखून राह्यलो."

"इज्जत मंडपात. इथं पब्लिक आहे का?" ती शंकररावले म्हणे, "पुसा हे. यात मी नाही."

"राहू द्या ताई, रिळावर जागा आहे. दुसरं पुढं भरू."

"नको. माह्या नावानं दुसरीचा आवाज नको. पुसा अन् त्याच्यावरच भरा." तिचा हट्ट साऱ्या गावाले माहीत. शंकररावनं रीळ मुळावर आणून ठेवलं.

मंग त्यानं आमचं बटन पार खाली केलं अन् तिले म्हणे, "ताई, एक ओळ म्हणून पाहा." तिनं म्हणली. त्यानं मान हलवली. म्हणे, "फाटून राह्यलं. पीन ढिली असन." पीन काढली, घासली, परत लावली. "आता." ती गायली. तसंच. त्यानं तार बदलली. तसंच. माइक दूर केला, बटन कमी केलं, दुसऱ्या भोकात घातला. तिसऱ्या भोकात घातला. आमचा माइक तिच्यापुढं ठेवला. चुलीवर खिळा तापवून एक टाका परत डागला. दरवेळी ती बापडी तीच ओळ म्हणे, अन् दरवेळी हा म्हणे, फाटते.

दादा चिडला. "नाचता येईना अंगण वाकडं! डबाच खराब आहे तुहा."

शंकरराव मले म्हणे, "भिमाबाई, तुमी या. इथंच उभ्या राहा, ह्याच माइकपुढं. बटन हलवत नाही. तीच ओळ म्हणा."

मी म्हणली. त्यानं कानावरचं झाकण दाबून धरलं. मंग हळूच काढलं अन् मांडीवर ठेवलं.

"फाटते का?" दादानं विचारलं.

"नाही."

कुणीच कुणाकडं पाह्यलं नाही. डबा चांगला होता, तार चांगली होती. मले तवा कळलं, की दिवाळीपासून आमी काय झाकून राह्यलो होतो. मांगं उभं राहून गाताना तिचा आवाज मले कधी असा सुटा ऐकूच आला नव्हता. पुष्पा पदर घेऊन भिंतीकडं वळली.

वहिनीच बोलली. "फाटका त फाटका. भरा. ह्या दोघींले भायेर काढा."

आमी भायेर गेलो. ओट्यावर बसलो. आतून ओळ आली, *घागर माही भरू दे*, अन् ती थांबली. पुढं काहीच नाही. परत सुरू केलं, परत ओळीच्या शेवटी थांबली. तिले झिलीशिवाय पुढची ओळ उचलताच येईना. विसाव्या वर्षापासून तिच्या ओळीमांगं कुणी ना कुणी उभं होतं. पायरी नसलेल्या जागी पाय टाकल्यावर माणूस थबकते तसं तिचं होऊन राह्यलं. तिसऱ्यांदा थांबली अन् आतून तिचा खोकला ऐकू आला, लंबा.

शंकरराव गोधडी सारून भायेर आला. घामानं भिजला होता. म्हणे, "तुमी इथूनच, दाराच्या भायेरून धरा. हळू. तिच्या कानाले पोचन अन् माइकले नाही पोचणार, एवढंच. अन् एक करा." त्यानं कपाळ पुसलं. "वरच्या ओळीत झाकू नका."

"ती पडन," मी म्हणलं.

"पडू द्या. तिचा आवाज पाह्यजे ना तिले?"

उंटावरचा शहाणा! सांगाले काय जाते त्याचं? पण चक्कीवाला पोट भरून परत याचाच होता. मी म्हणलं, भरा.

गाणं सुरू झालं. मी गोधडीले तोंड लावून हळूच झील धरली. पुष्पा माह्या मांगं. वहिनीले आधार भेटला, पहिलं कडवं सरलं, दुसरं सरलं. वरची ओळ आली. *दोर माहा.* माहा गळा आपोआप चढाले लागला. मी पदराचा बोळा केला अन् तोंडात कोंबला. पुष्पाचं तोंड हातानं दाबलं. *हात माहा.* आत तिचा आवाज चिरला. असा चिरला, की कोरं लुगडं टराटरा फाडावं. मले वाटलं गोधडी फेकावी, आत जावं अन् तिच्या अंगावर आवाज घालावा. मी दात रुतवून उभी राह्यली. *हिरीवर हक्क माहा*, हे शब्द तिनं म्हणले, गायले नाही म्हणता येणार, खरडत खरडत वर नेले, पण नेले. गाणं शेवटपर्यंत नेलं.

आत गेलो त ती खाली बसली होती. लुगड्याच्या काठाले रक्त लागलं होतं. ती बोले तवा नुसती हवा निघे. हातानंच खूण केली, लावा.

शंकररावनं लावलं.

मी तिच्या तोंडाकडंच पाह्यत होती. पहिल्या ओळीले तिच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या कडव्याले तिनं एकदा मान डोलावली, मले आजही दिसते ते. अन् वरची ओळ आली. तिनं दोन्ही हात कानावर नेले, पण ठेवले नाही. शेवटपर्यंत ऐकलं. दादा ढसाढसा रडत होता. रडत रडत म्हणे, "तुहाच आहे अन्नपूर्णा. निरा तुहा एकटीचा."

तिनं मले जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणून म्हणे, "हा माहा आवाज नाही वं."

"वहिनी, हाच आहे."

"नाही. हा दुखण्याचा आहे. मी अशी गाये का? खरं सांग."

"नाही. अशी नव्हती गात."

"पहिलं गाणं बरं होतं वं भिमा. तुमच्या दोघींत होती तवा मी बरी होती." अन् मंग म्हणे, "हे पुसाले सांग. लोकायनं मले असं ऐकाचं नाही."

मी सांगतलं. दादा उठून उभा राह्यला. "पुसाचं नाव काढलं त डबा फोडीन! पहिलं पुसलं, आता हे बी? मंग माह्यापाशी काय राहीन? नागपूरहून ही मुकी येईन, आली त! मले हिचा आवाज पाह्यजे. फाटका पाह्यजे, तुटका पाह्यजे, कसाही पाह्यजे."

"आवाज तिचा आहे दादा," मी म्हणलं.

"नवरा मी आहे!"

"म्हणून काय झालं? गळा तुहा कापून राह्यले का?" मी असं बोलली त्याले. जन्मात मोठ्या भावासमोर आवाज चढवला नव्हता. तो माह्याकडं पाह्यत राह्यला, अन् मंग वहिनीकडं. वहिनीनं त्याच्यापुढं हात जोडले. बायका नवऱ्यापुढं जोडतात तसे नाही, कुणी पाणी मागावं तसे. दादा भिंतीले टेकला अन् हळूहळू खाली बसला.

पुसाचं कसं, ते मले तवा माहीत झालं. दोन्ही माइक काढून टाकले. डब्याची सारी बटनं खाली. रीळ मुळावर आणलं अन् भराचंच बटन दाबलं. म्हणजे गाण्यावर काहीच न गाता भराचं. जितकं लंबं गाणं, तितका वेळ चाक फिरू द्याचं. माइक नव्हते, बोललो असतो तरी चाललं असतं, पण कुणी बोललं नाही. पुष्पा बी रडाची थांबली. चाक फिरत होतं अन् वहिनी पाह्यत होती. मले तिचा असा राग आला, की उठून तिले गदगदा हलवावं, अन् तिच्या मांडीवर डोकं बी ठेवावं. मी दोन्ही केलं नाही. शंकररावनं बटन सोडलं तवा तिनं मानेनंच विचारलं, झालं? तो म्हणे, "झालं ताई."

चक्की केव्हाची सुरू झाली होती.

नागपूरले दादा अन् मी दोघं गेलो तिच्यासंगं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली, माहा हात धरला. पण जखम भरली नाही, ताप चढला तो उतरला नाही. जयंतीच्या आदल्या दिवशी ती गेली. आमी तिले घेऊन येऊन राह्यलो होतो अन् रस्त्यानं गावोगाव भोंगे वाजत होते.

पार्टी मोडली. पुढं उभं राहून गायाले मले बोलावलं बऱ्याच वस्त्यांनी. मी म्हणलं, माही जागा मांगं आहे, पुढं कोणी असन त सांगा.

दादा मात्र दरवर्षी जयंतीच्या आधी बुलढाण्याले जाये. मी समजे, भोंग्याचं ठरवाले जात असन. एका वर्षी मी बी संगं गेली, मले डोळ्याचा डॉक्टर पाहाचा होता. शंकररावच्या दुकानात गेलो. त्यानं दादाले पाह्यलं अन् काही न विचारता फळीवरून रीळ काढलं. तेच रीळ. दादानं ते त्याच्याजवळच ठेवलं होतं. शंकररावनं ते लावलं, मोठं बटन वर केलं, अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

चाक फिरलं. त्यात काहीच नव्हतं. मी म्हणणार होती, दादा, काय खुळेपणा आहे हा, चाल घरी. तेवढ्यात त्याच्या बोटांकडं लक्ष गेलं. डोळे मिटून त्यानं मांडीवर ढोलकीचा ठेका धरला होता, हळू. पहिल्या ओळीचा ठेका. मले कळलं गाणं कुठपर्यंत आलं. दुसरं कडवं गेलं. बोटं वरच्या ओळीवर आली, *दोर माहा, हात माहा*, अन् माह्यानं राहावलं नाही. माह्या तोंडून आपोआप झील निघाली.

दादानं डोळे उघडले नाही. माह्या हातावर हात ठेवला.

"भिमा, चूप बस," तो म्हणे. "गाऊन राह्यली ना ती."